तळावलीची सांताना : गोव्याच्या जांभ्यातला बारोक

नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने मांडवीच्या पात्रातल्या जुवे बेटावर रात्री उतरून तिथला किल्ला घेतला. पोर्तुगीजांची राजधानी तिथून हाकेच्या अंतरावर होती. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने बॉम जेझूच्या चर्चमध्ये जाऊन संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला आणि शहराच्या रक्षणाचे साकडे घातले. पुढे मोगल शहाजादा मुअज्जम मोठी फौज घेऊन कोकणाकडे येत असल्याची खबर आली आणि मराठी सैन्याला मागे वळावे लागले. इतिहासाच्या पुस्तकांतून हा प्रसंग मराठी वाचकाला ठाऊक असतो. त्याच दिवसांत, त्याच तिसवाडी तालुक्यात, तळावली नावाच्या गावी एका चर्चचे बांधकाम सुरू होऊन दोन वर्षे झाली होती, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. स्वारी आली आणि गेली, राजधानीला उतरती कळा लागली, तरी तळावलीचे काम चालूच राहिले. १६८१ मध्ये सुरू झालेले ते चर्च १६९५ मध्ये पुरे झाले. मरियेची आई, म्हणजे येशूची आजी, संत आना हिच्या नावाने ते ओळखले जाते. गोव्यात त्याला ‘सांताना’ म्हणतात.

बारोक शैलीचा भारतातला सर्वांत परिपक्व आविष्कार म्हणून अभ्यासकांनी या गावच्या चर्चकडे बोट दाखवले आहे. गोव्याच्या वास्तुकलेवर आयुष्यभर लिहिणारे विद्वान जुझे परेरा यांनी त्याला भारतीय बारोकच्या शिखरावर बसवले. तरीही गोव्याला जाणाऱ्या शंभर पर्यटकांपैकी बहुतेकांना त्याचे नावही माहीत नसते. १९८६ मध्ये युनेस्कोने गोव्यातील चर्च आणि मठांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या यादीतल्या सगळ्या वास्तू जुन्या गोव्यातल्या आहेत. राजधानीबाहेरच्या गावांतली चर्चे त्यात नाहीत. म्हणून सांतानाच्या इतिहासाकडे आणि बांधणीकडे वळण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात : रोममध्ये जन्मलेली ही शैली भाताच्या खाचरांमधल्या एका गावात कशी पोहोचली, आणि तिथे तिला आकार कोणी दिला?

बारोकचा उगम युरोपातल्या धर्मकलहात आहे. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारकांनी चर्चमधल्या मूर्ती, चित्रे आणि झगमगाट यांवर हल्ला चढवला. कॅथलिक चर्चने १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंट येथे भरलेल्या परिषदेत त्याला उत्तर दिले. प्रतिमा राहतील, संतांची पूजा राहील, आणि कला सामान्य भाविकाच्या मनाला भिडेल अशी असेल, असा त्या उत्तराचा रोख होता. रोममधले जेझुइटांचे इल जेझू हे चर्च १५६८ ते १५८४ दरम्यान उभे राहिले आणि पुढच्या अनेक चर्चांना त्याने नमुना पुरवला : एकच प्रशस्त दालन, दोन्ही अंगांना लहान वेद्या, आणि प्रत्येकाची नजर मुख्य वेदीवर खिळेल अशी रचना. पुढे बर्निनी आणि बोरोमिनी या वास्तुकारांनी भिंतींना वळणे दिली, प्रकाश कुठून येतो ते लपवले, खांब आणि छज्जे यांची नाट्यमय गुंफण केली. पाहणारा स्तब्ध व्हावा, हलून जावा, हे या शैलीचे उघड उद्दिष्ट होते.

गोव्यात ती टप्प्याटप्प्याने आली. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवे घेतले, त्यानंतरची सुरुवातीची बांधकामे जाड भिंतींची आणि किल्ल्यासारखी होती. जुन्या गोव्यातले रोझरीचे चर्च त्या काळाची साक्ष देते. १५६२ मध्ये सुरू झालेले से कॅथेड्रल पूर्ण व्हायला अनेक दशके लागली. १५९४ ते १६०५ या काळात जेझुइटांनी बॉम जेझू बांधले. सतराव्या शतकाच्या मध्यावर थिएटिन संघाच्या इटालियन धर्मगुरूंनी रोमच्या सेंट पीटरवरून बेतलेले घुमटाचे सेंट काजेतान उभारले. टेकडीवर ऑगस्टिनियनांचे नोस्सा सिन्योरा द ग्रासा हे प्रचंड चर्च होते. त्याचा एक मनोरा मूळचा सुमारे ४६ मीटर उंच होता. दीडशे वर्षांत युरोपच्या वास्तुकलेतले बहुतेक प्रवाह मांडवीच्या काठावर येऊन उतरले होते.

यांतल्या बहुतेक वास्तू धर्मसंघांच्या होत्या. त्यांच्या मागे राजाश्रय होता, युरोपातून आलेले धर्मगुरू होते. गावच्या चर्चची गोष्ट निराळी. ते पॅरिशचे चर्च, म्हणजे एका गावाच्या जन्म, लग्न आणि मरणाच्या नोंदी ठेवणारे, गावाच्या वर्गणीवर आणि गावाच्या जमिनीवर उभे असलेले. गोव्यातल्या जमिनी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकरीच्या ताब्यात होत्या. गावकरी म्हणजे मूळ वसाहतकारांच्या वंशजांची सामाईक संस्था. शेतीचे लिलाव, बांधांची डागडुजी, देवळाचा खर्च हे सगळे तीच पाहत असे. १५२६ च्या फोराल या सनदेत पोर्तुगीजांनी या संस्थेचे रीतिरिवाज लिहून काढले आणि तिला मान्यता दिली. देऊळ गेले आणि चर्च आले, तेव्हा गावच्या उत्पन्नातला देवाचा वाटा चर्चकडे वळला.

देऊळ गेले, हे तीन शब्द सहज लिहून पुढे जाण्यासारखे नाहीत. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली. पुढच्या दोन-अडीच दशकांत बार्देश आणि साष्टीतल्या देवळांची तीच गत झाली. कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. दिवाडीचा सप्तकोटीश्वर डिचोलीत नार्वे येथे गेला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत टिकले. सांतानाच्या सौंदर्याचा विचार करताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही, ठेवूही नये. ज्या समाजाने हे चर्च बांधले त्याचे पणजोबा या उलथापालथीतून गेले होते.

मात्र १६८१ पर्यंत त्या घटनेला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. तळावलीत आता चौथ्या-पाचव्या पिढीचे ख्रिस्ती राहत होते. त्यांच्यातूनच शिकलेले, लॅटिन आणि पोर्तुगीज लिहिणारे गोमंतकीय पाद्री तयार झाले होते. त्यांची वाट सोपी नव्हती. युरोपीय संघ त्यांना आत घेत नसत, मोठी पदे गोऱ्यांकडे राहत. दिवाडीच्या मातेउश द काश्त्रु यांना गोव्यात पाद्रीपदाची दीक्षा नाकारली गेली, म्हणून ते थेट रोमला गेले आणि १६३७ मध्ये बिशप झाले. लॅटिन रीतीतले ते पहिले भारतीय बिशप. सांतानाचे काम चालू असताना, १६८५ मध्ये, जुझे वाझ यांनी जुन्या गोव्यात गोमंतकीय पाद्रींच्या ओरेटरी संघाची घडी बसवली. पुढे श्रीलंकेत लपूनछपून धर्मसेवा करणाऱ्या वाझ यांना २०१५ मध्ये कोलंबो येथे संतपद मिळाले.

तळावलीच्या चर्चचे काम सुरू करणारे विगार, म्हणजे पॅरिशचे मुख्य पाद्री, फ्रान्सिस्कु दु रेगु याच पिढीतले. ते शेजारच्या नेवरा गावचे. आपल्या ब्राह्मण समाजावर होणाऱ्या आरोपांचे खंडन करणारा एक प्रबंध त्यांच्या नावावर आहे. १६८९ पर्यंत काम त्यांच्या देखरेखीखाली चालले आणि पुढे पाद्री आंतोनियु फ्रान्सिस्कु द कुन्या यांनी ते तडीस नेले. त्याच काळातले आंतोनियु जुआंव द फ्रीयश यांनी १७०२ मध्ये लिस्बनमध्ये एक ग्रंथ छापला. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांपैकी एक ब्राह्मण होता, असे त्यांचे म्हणणे. त्याला चार्डो, म्हणजे स्वतःला क्षत्रिय मानणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या लिओनार्दु पायश यांनी १७१३ मध्ये ग्रंथानेच उत्तर दिले. धर्म बदलला तरी जात उरली होती, आणि या वादांत तिचा अभिमान ठसठशीत दिसतो. पण त्यात आणखीही काही दिसते. पोर्तुगीजांपुढे मान ताठ ठेवून उभा राहू पाहणारा एक सुशिक्षित स्थानिक वर्ग कागदावर आणि दगडावर एकाच वेळी बोलत होता.

त्याच वर्षांत सत्तेचा सूर काय होता, हेही पाहिले पाहिजे. संभाजी महाराजांच्या स्वारीतून सावरताच, जून १६८४ मध्ये, त्याच व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवर बंदी घालणारा हुकूम काढला. तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज शिकावे, असा त्याचा आशय होता. याच गोव्यात १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापले गेले होते. सत्तर वर्षांत वारे किती फिरले ते यावरून कळते. भाषा बंद करू पाहणाऱ्या राज्यात तळावलीच्या लोकांनी दगडाची एक स्वतःची बोली घडवली.

ती बोली समजायची तर आधी दगड समजून घ्यावा लागतो. गोव्याचा दगड म्हणजे जांभा. जमिनीतून काढताना तो ओलसर आणि मऊ असतो, कुऱ्हाडीने त्याचे चिरे पाडता येतात, आणि हवा लागली की तो घट्ट होतो. तो सच्छिद्र असतो, त्यामुळे त्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही. इटलीच्या संगमरवरात किंवा लिस्बनच्या चुनखडीत जे जमते ते जांभ्यात जमत नाही. श्रीमंत संघांनी यावर उपाय म्हणून उत्तरेकडून, वसईच्या परिसरातून, काळा दगड समुद्रमार्गे आणला आणि कोरीव भाग त्यात केले. गावच्या चर्चला ते परवडणारे नव्हते. मग गवंड्यांनी जांभ्याचे ढोबळ आकार रचले आणि त्यांवर चुन्याच्या गिलाव्यात कंगोरे, पाकळ्या, शिंपले, वेलबुट्ट्या घडवल्या. बारकाव्यापेक्षा मोठ्या आकारांचा ठाम ताल हे गोव्याच्या बारोकचे वैशिष्ट्य ठरले, आणि त्याचे एक मोठे कारण या मऊ लाल दगडात आहे.

चुन्याचा गिलावा सजावटीपुरता नव्हता. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस उघड्या जांभ्यात मुरतो आणि तो हळूहळू झिजवतो. दरवर्षी पावसाळा संपला की चर्चला चुना लावायचा, हा रिवाज त्यातून आला. १९५० च्या दशकात बॉम जेझूचा गिलावा उतरवला गेला. दगड उघडा दिसला की वास्तू अधिक प्राचीन वाटेल, असा तेव्हाचा समज होता. आज पर्यटकांच्या छायाचित्रांत दिसणारी तांबडी बॉम जेझू ही त्या निर्णयाची देणगी आहे, आणि तिचा दगड पावसाने खाल्ला जातो ही तिची किंमत आहे. पांढरी सांताना पाहताना सतराव्या शतकातल्या गोव्याचा खरा रंग कोणता होता ते समजते.

सांतानाचा दर्शनी भाग प्रथमदर्शनीच उंचीने दिपवतो. दोन बाजूंना दोन मनोरे आणि मध्ये त्यांना जोडणारी, मजल्यावर मजला चढवलेली भिंत. प्रत्येक मजल्यावर आडवी कंगोरेदार पट्टी फिरते. भिंतीला चिकटलेले अर्धस्तंभ, कमानींच्या खिडक्या आणि शिंपल्याच्या आकाराचे माथे असलेले कोनाडे यांनी तो सगळा पृष्ठभाग भरून टाकला आहे. कोणतीच जागा मोकळी सुटलेली नाही, तरी गर्दी झाल्यासारखे वाटत नाही, कारण उभ्या आणि आडव्या रेषांचा हिशेब चोख आहे. युरोपातल्या बारोक चर्चचा दर्शनी भाग सहसा दोन मजल्यांवर थांबतो. गोव्यात तो चढतच जातो.

हा आराखडा आला कुठून? अभ्यासकांचे बोट ऑगस्टिनियनांच्या ग्रासाकडे जाते. तळावलीहून ते फार दूर नव्हते आणि तिथल्या गवंड्यांनी व पाद्रींनी ते अनेकदा पाहिलेले असणार. १८३५ मध्ये धार्मिक संघांवर बंदी आली, ग्रासा ओस पडले, १८४२ मध्ये त्याची कमानदार छप्परे कोसळली आणि १९३१ मध्ये दर्शनी भागही गेला. आज टेकडीवर एका मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. ते चर्च दिमाखात असताना कसे दिसत असेल, याची कल्पना आता सांतानासमोर उभे राहूनच येते. मोठ्या मठाचे रूप एका गावाने जपून ठेवले.

आत गेल्यावर दुसरे आश्चर्य. दालनावर लाकडी आढे नाही, तर चिऱ्यांचे अर्धगोल कमानदार छत आहे. एवढ्या वजनदार छताचा बाहेरच्या दिशेने येणारा रेटा पेलायला भिंती अतिशय जाड लागतात. बांधणाऱ्यांनी ती जाडी वाया घालवली नाही. खाली तिच्यात वेद्यांचे कोनाडे बसवले, वर सज्जे काढले आणि भिंतींच्या पोटातून वाटा नेल्या. कोणाच्या दृष्टीस न पडता पापनिवेदनाला जाता यावे, हा त्या वाटांचा उपयोग सांगितला जातो. प्रकाशही थेट येत नाही. बाहेरच्या खिडक्यांतून तो आधी सज्ज्यांत शिरतो आणि मग मऊ होऊन दालनात उतरतो. रोमच्या वास्तुकारांनी जे साधले तेच इथे पावसापासून भिंत वाचवणाऱ्या, उन्हाचा ताप अडवणाऱ्या रचनेतून साधले गेले.

गोव्यातल्या चर्चांमधल्या सोनेरी लाकडी वेद्या आणि प्रवचनाचे मंच हे स्थानिक सुतारांचे आणि मूर्तिकारांचे काम आहे. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती पूजेच्या वस्तू घडवू नयेत, असे फतवे सोळाव्या शतकातल्या धर्मपरिषदांनी काढले होते. फतवे काढावे लागले, यातूनच त्यांचे हात किती गुंतले होते ते कळते. काही मंचांच्या तळाशी नागकन्या कोरलेल्या आहेत. देवदूतांच्या चेहऱ्यांची गोलाई, फुलांच्या माळा, पानांची वळणे यांत देवळाच्या महिरपीचा सराव दिसतो. ही मंडळी आपले नाव कुठे लिहून गेली नाहीत.

सांतानातून सुरू झालेला प्रयोग तिथेच थांबला नाही. दिवाडीच्या टेकडीवरचे पिएदादचे चर्च अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात बांधले गेले आणि त्याच्या आराखड्याचे श्रेय परंपरेने त्याच ग्रंथकार फ्रीयशना दिले जाते. पोर्तुगीज कला-इतिहासकार पाउलु व्हारेला गोमिश यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा चर्चांचा एकत्र विचार करून मांडले, की ही पोर्तुगीज वास्तुकलेची दूरची शाखा नाही. हा गोव्याचा स्वतंत्र प्रकार आहे आणि तो गोमंतकीयांनी घडवला. सांताना डोळ्यांनी पाहिलेल्याला हे म्हणणे पटायला वेळ लागत नाही.

या घडणीचे पडसाद देवळांतही उमटले. नदीपार गेलेल्या देवांची देवळे अठराव्या शतकात नव्याने बांधली गेली तेव्हा तेच गवंडी, तोच जांभा, तोच चुना कामाला आला. कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ १७३८ मध्ये पूर्ण झाले. छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांचा त्याला आश्रय होता. त्याचा घुमट, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, भिंतीवरचे अर्धस्तंभ आणि मजल्यांची दीपमाळ पाहिली की सांतानाशी असलेले नाते उघड होते. सातारच्या दरबाराचा पैसा आणि गोव्याच्या चर्चची घडण एका देवळात एकत्र आली आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चांच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा आजही तिथे आहे. घंटा विजयचिन्ह म्हणून आल्या. कवळ्याची कमान मात्र आवडीने आली, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

तळावलीच्या लोकांसाठी मात्र सांताना म्हणजे मुख्यतः २६ जुलैचे फेस्त. संत आनाचा हा सण गोव्यात तवशांचे फेस्त म्हणून ओळखला जातो, कारण मूल व्हावे म्हणून नवस करणारी जोडपी तिला तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, वाहतात. भर पावसाळ्याचे दिवस, मळ्यात तवशी लागलेली, आणि आजी झालेली संत. लग्न जुळावे म्हणूनही इथे नवस बोलले जातात. या गर्दीत फक्त ख्रिस्ती असतात असे नाही. चर्चच्या जन्माची कथाही गावचीच आहे : काठी टेकत जाणारी एक वृद्धा गावकऱ्याला भेटली आणि आपण या गावात राहायला येत असल्याचे सांगून गेली, अशी आख्यायिका आहे.

जुने गोवे रोगराईने आणि स्थलांतराने रिकामे झाले, १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली, मठ ढासळले. ग्रासाची मोठी घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. सांताना टिकली, कारण तिला पॅरिश होते : दर रविवारी मीसला येणारी, छपराची गळती लक्षात येताच बोलणारी माणसे. तरीही एका गावाच्या बळावर एवढी वास्तू सांभाळणे कठीण असते. २००० मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वास्तूंच्या आपल्या यादीत सांतानाचा समावेश केला होता. पाणी मुरणे, कंगोऱ्यांत रुजणारी झाडे आणि चुन्याऐवजी सिमेंट लावण्याची घाई हे जांभ्याच्या प्रत्येक जुन्या वास्तूचे शत्रू आहेत. चुना कालवणारे, मळणारे, कंगोरा ओढणारे गवंडी शोधणे आणि त्यांच्या हाताखाली नवी पोरे तयार करणे हा त्यावरचा खरा इलाज आहे.

मराठी वाचकाने पुढच्या खेपेला जुन्या गोव्यातून निघावे, बॉम जेझूच्या तांबड्या भिंती पाहून झाल्या की तळावलीची वाट धरावी, आणि त्याच दिवशी कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळातही जावे. आधी चर्चचा दर्शनी भाग मजल्या-मजल्याने वाचावा, मग देवळाची दीपमाळ तशीच वाचावी. दोन्ही ठिकाणी पूजा चालू असते, तेव्हा वेळ पाहून आणि मान राखून जावे. पुढील पानांत सांतानाची जी मांडणी येते ती या प्रत्यक्ष पाहण्याला सोबत म्हणून वाचली, तर तिचा उपयोग अधिक होईल.